दुहेरीची पात्रता

जून महिन्याचा उत्तरार्ध. शहाद्यापासून तळोद्यापर्यंत तापीकाठच्या काळ्या रानात पेरणीची धांदल असते, शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात, आणि दिवस असतानाच जेवणे आटोपलेल्या घरांत दूरचित्रवाणीवर हिरवळीचे एक आखीव मैदान दिसू लागते. विम्बल्डनचे सामने भारतात दुपारी साडेतीनच्या सुमारास सुरू होऊन रात्रीपर्यंत चालतात. नंदुरबार जिल्ह्यात मुलीच्या हाती रॅकेट दिसलीच तर ती बहुधा बॅडमिंटनची असते. तरीही हे सामने पाहिले जातात, विजेतीचे नाव दुसऱ्या दिवशी दुकानांच्या पायऱ्यांवर घेतले जाते, आणि आठ दिवसांत विसरलेही जाते.

जे दूरचित्रवाणीवर फारसे दिसत नाही, ते त्याच्या आदल्या आठवड्यात घडून गेलेले असते. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टापासून काही मैलांवर रोहॅम्प्टन नावाचे उपनगर आहे. तेथील एक विस्तीर्ण क्रीडांगण बँक ऑफ इंग्लंडने आपल्या कर्मचाऱ्यांच्या खेळासाठी राखले होते. बँकेच्या मालकीचे मैदान आणि त्यावर टेनिसची जागतिक कसोटी, हा योग बँकेत आयुष्य घालविलेल्या वाचकांना सुखावणारा वाटेल. विम्बल्डनने पात्रता स्पर्धा १९२५ मध्ये सुरू केली आणि १९४७ पासून ती या बँकेच्या मैदानावर भरू लागली. ज्यांचे नाव मुख्य यादीत बसत नाही, त्यांनी येथे यावे, सामने जिंकावेत आणि मग मुख्य स्पर्धेच्या दारातून आत जावे, अशी ही व्यवस्था होती.

रोहॅम्प्टनला वैभव नव्हते. मोठी प्रेक्षागारे नव्हती, कोर्टांभोवती दोरी आणि चार बाके. प्रेक्षकांना तिकीटही नव्हते. ते प्रथम लागले २०१७ मध्ये, तेही अवघे पाच पौंडांचे, कारण त्या वर्षी मारिया शारापोवा पात्रता खेळणार असे जाहीर झाले होते. दुखापतीमुळे ती आलीच नाही, तिकीट मात्र राहिले. या साध्या मैदानावरून पुढे गेलेल्यांची नावे लहान नाहीत. १९७७ मध्ये अठरा वर्षांचा जॉन मॅकेन्रो पात्रतेतून आला आणि थेट उपान्त्य फेरीपर्यंत गेला. १९९९ मध्ये अलेक्झांड्रा स्टीव्हन्सन हिने महिलांच्या एकेरीत तेच केले. विम्बल्डनबाहेरचे उदाहरण घ्यायचे तर २०२१ च्या अमेरिकन स्पर्धेत एमा राडुकानू पात्रतेचे तीन आणि मुख्य स्पर्धेचे सात असे दहा सामने एकही सेट न गमावता जिंकून विजेती झाली.

ही सर्व एकेरीची उदाहरणे. रोहॅम्प्टनच्या हिरवळीवर आणखी एक लहान स्पर्धा होत असे, तिच्याकडे वृत्तपत्रांचे लक्ष क्वचितच जाई. ती महिला दुहेरीची पात्रता. तिचा हिशेब सरळ होता. मुख्य दुहेरीत ६४ जोड्या असतात. त्यांपैकी चार जागा पात्रतेसाठी राखलेल्या असत. त्या चार जागांसाठी १६ जोड्या उतरत. पहिल्या फेरीत आठ उरत, दुसऱ्या फेरीत चार, आणि त्या चार जोड्या विम्बल्डनच्या मुख्य कोष्टकात दाखल होत. म्हणजे दोन सामने. एरवी वर्षभर लहान गावांच्या लहान स्पर्धा खेळत फिरणाऱ्या दोन मुलींना विम्बल्डनपासून दूर ठेवणारे अंतर दोन सामन्यांचे होते.

या १६ जोड्यांत तरी कोण बसणार, हे ठरविण्याची रीत बँकेच्या कर्जविभागात काम केलेल्यास चटकन समजेल. गृहकर्ज मागताना पती-पत्नींचे उत्पन्न एकत्र धरतात. एकट्याचे उत्पन्न कमी पडले तरी दोघांच्या बेरजेवर कर्ज मंजूर होते. दुहेरीत दोघी खेळाडूंच्या जागतिक क्रमांकांची बेरीज करतात. फरक इतकाच की येथे बेरीज जितकी लहान तितकी पत मोठी. एकीचा क्रमांक ४० आणि दुसरीचा १२० असेल, तर बेरीज १६०. दोघी ८० व्या असतील, तरी १६०. पहिल्या जोडीत एकीने दुसरीचा भार उचललेला आहे, दुसऱ्या जोडीत दोघींनी अर्धा अर्धा. कागदावर दोन्ही सारख्या. बेरीज लहान असणाऱ्या जोड्या थेट आत जातात, त्यांच्यामागून येणाऱ्या पात्रतेत, आणि त्याही मागच्या घरी. याखेरीज काही जागा आयोजक आपल्या मर्जीने देतात. त्यास वाइल्ड कार्ड म्हणतात, आणि ते बहुधा यजमान देशाच्या मुलींच्या वाट्याला येते. त्यात अन्याय आहे असे नव्हे. घरच्या कार्यात घरच्यांना पुढची पंगत मिळतेच.

या रीतीचा एक परिणाम लक्षात येण्यासारखा आहे. जोडी कोणाशी जमवावी हा प्रश्न खेळाचा राहत नाही, अंकगणिताचा होतो. ज्या मैत्रिणीशी मन जुळते, जिची सर्व्हिस कोठे पडणार हे न सांगता कळते, तिचा क्रमांक अडीचशे असेल, तर ती मैत्रीण म्हणून उत्तम आणि सहकारी म्हणून महाग. स्पर्धेच्या आठवड्यात खेळाडू एकमेकींना संदेश धाडत असतात, तुझा क्रमांक किती, माझा इतका, बेरीज बसेल काय. कधी कधी दोघी प्रथमच एकत्र खेळतात ते थेट मोठ्या स्पर्धेच्या कोर्टावर.

२०१९ मध्ये विम्बल्डनने दुहेरीची पात्रता बंद केली, महिलांचीही आणि पुरुषांचीही. चार प्रमुख स्पर्धांपैकी दुहेरीची पात्रता शेवटपर्यंत चालविणारे विम्बल्डनच होते. तेथेही ती संपली. त्याच वर्षी आणखी एक बदल झाला. महिला एकेरीच्या पात्रतेत पूर्वी ९६ खेळाडू असत आणि त्यांतून १२ जणी पुढे जात. पुरुषांसाठी मात्र १२८ आणि १६ हे आकडे होते. २०१९ पासून महिलांसाठीही १२८ आणि १६ झाले. स्त्री-पुरुषांना समान बक्षिसे विम्बल्डनने २००७ मध्येच दिली होती, पात्रतेच्या दारावरची ही विषमता त्यानंतर बारा वर्षांनी गेली.

आता खतावणी मांडून पाहावी. दुहेरीच्या पात्रतेतून गेल्या १६ जोड्या, म्हणजे ३२ स्त्रिया. एकेरीच्या पात्रतेत वाढल्या १२८ वजा ९६, म्हणजे ३२ स्त्रिया. नावे आणि जमा तंतोतंत जुळले. ताळेबंदावर सही करताना कोणाही लेखापरीक्षकाचा हात अडणार नाही. तथापि ज्या खात्यातून रक्कम गेली आणि ज्या खात्यात ती जमा झाली, ती खाती निराळी आहेत. एकेरीत ज्यांचा क्रमांक दोनशेच्या पुढे घसरला त्या मुलींना नवे दार उघडले, ते न्याय्यच होते. परंतु ज्या मुली एकेरीत कधीच पुढे जाणार नव्हत्या, ज्यांची सारी गुणवत्ता जाळीजवळच्या चपळतेत आणि सहकारिणीला सांभाळण्यात होती, त्यांचे दार त्याच दिवशी बंद झाले. समानतेचा खर्च पुरुषांच्या एकेरीकडून घेतला गेला नाही, तो दुहेरीच्या खेळाडूंनी भरला, आणि त्यांना त्याविषयी विचारले गेले असेल असे वाटत नाही.

खेळाडूची पात्रता कोणी व कशाने ठरवावी हा प्रश्न तसा जुना आहे. महिलांची संगणकीय क्रमवारी सुरू झाली १९७५ मध्ये, दुहेरीची तर १९८४ मध्ये. त्यापूर्वी समितीचे मत हेच प्रमाण. कोण कोठे जिंकले, कोणी कोणाची शिफारस केली, हे पाहून यादी तयार होई.

त्या काळात विम्बल्डनच्या यादीत एक मराठी घराण्यातील नाव आहे. १९३४ मध्ये लीला राव या तेथे एकेरीची पहिली फेरी जिंकल्या. ग्लॅडिस साउथवेल यांच्याविरुद्ध पहिला सेट ४-६ असा गेला, दुसरा १०-८ असा ओढून घेतला आणि तिसरा ६-२ असा जिंकला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफ यांनी त्यांना हरविले. त्या काळी मुंबईहून इंग्लंडला जायचे म्हणजे आगबोटीने, आणि त्या दुसऱ्या सेटच्या अठरा गेम्समागे तो सारा समुद्र होता.

लीलाबाईंच्या मातोश्री पंडिता क्षमाबाई राव. संस्कृतच्या अभ्यासकांना त्यांचे नाव ठाऊक आहे. १८९० मध्ये जन्मलेल्या क्षमाबाई या वेदांचे आणि तुकारामांच्या गाथेचे संपादक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या. वडील त्या लहान असतानाच गेले. पुढे त्यांनी गांधीजींच्या आंदोलनावर ‘सत्याग्रहगीता’ हे संस्कृत काव्य रचले, तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची संस्कृत पद्यचरित्रे लिहिली, आणि या सर्वांबरोबर त्या टेनिसही खेळत. संस्कृत काव्य आणि टेनिस एकाच घरात नांदत होते, आणि कन्येने दोन्ही घेतले. लीलाबाईंनी पुढे नृत्यशास्त्रावर ग्रंथरचना केली. मुलीने अभ्यास करावा की खेळावे, असा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नसावा. अर्थात घर डॉक्टरांचे होते, मुंबईचे होते, सुस्थितीतले होते. हे सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

आता अलीकडे यावे. अंकिता रैना ही मूळची अहमदाबादची. लहान वयातच पुण्यास आली आणि पी. वाय. सी. जिमखान्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकली. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत एकेरीच्या पात्रतेत ती शेवटच्या फेरीत हरली. मुख्य स्पर्धेतून कोणी ऐन वेळी माघार घेतली तर जागा मिळेल या आशेने ती मेलबर्नला थांबली. ती जागा मिळाली नाही. दुहेरीची पात्रता तेथे नव्हतीच, मात्र रुमानियाच्या मिहाएला बुझार्नेस्कूबरोबर बेरीज बसली आणि दोघींना मुख्य दुहेरीत प्रवेश मिळाला. पहिल्याच सामन्यात दोन ऑस्ट्रेलियन मुलींनी त्यांना ६-३, ६-० असे हरविले. त्या मुली वाइल्ड कार्डाने आल्या होत्या.

एवढ्यावर कथा संपली असती. परंतु त्याच आठवड्याच्या पुढे मेलबर्नमध्येच फिलिप आयलंड करंडक नावाची दुसरी स्पर्धा होती. अंकिताने रशियाच्या कामिला राखीमोवाबरोबर तेथे नाव दिले, आणि अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गमावूनही दोघींनी ती स्पर्धा जिंकली. या एका विजयाने अंकिताचा दुहेरीतील क्रमांक पहिल्या शंभरात आला. शंभराच्या आत आलेल्या खेळाडूची बेरीज आपोआप लहान होते. त्या वर्षी जूनअखेर ती अमेरिकेच्या लॉरेन डेव्हिसबरोबर विम्बल्डनच्या मुख्य दुहेरीत होती, रोहॅम्प्टनला न जाता. पहिल्या फेरीत हार झाली, पण मिश्र दुहेरीत रामकुमार रामनाथनबरोबर तिचा सामना पडला तो सानिया मिर्झा आणि रोहन बोपण्णा यांच्याशी, आणि विम्बल्डनच्या हिरवळीवर जाळीच्या दोन्ही बाजूंना भारतीय उभे राहिले.

आजचा मार्ग हा असा आहे. दारापाशी येऊन दोन सामने जिंकण्याची सोय नाही. सहा महिने आधी, दुसऱ्या खंडात, कोठे तरी एक स्पर्धा जिंकून क्रमांक सुधारावा लागतो. त्यासाठी विमानाची तिकिटे, प्रशिक्षक, मुक्काम आणि हरलेल्या आठवड्यांचा खर्च सोसण्याची ऐपत लागते. पात्रता फेरीत हा खर्च एका आठवड्याचा होता.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी हे शहाद्यासारखेच तालुक्याचे गाव. प्रार्थना ठोंबरे तेथली. १९९४ चा जन्म. २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडास्पर्धेत सानिया मिर्झाबरोबर महिला दुहेरीचे कांस्यपदक तिने मिळविले. दोन वर्षांनी रिओ ऑलिंपिकमध्ये पुन्हा हीच जोडी खेळली, आणि तेथे बेरजेचा एक निराळा चमत्कार दिसला. सानिया तेव्हा दुहेरीत जगात पहिली होती, प्रार्थना दोनशेच्या आसपास. दुहेरीत पहिल्या दहांत असलेल्या खेळाडूस आपल्या देशातील सहकारी घेऊन थेट प्रवेश देण्याचा ऑलिंपिकचा नियम होता, म्हणून बार्शीची मुलगी रिओच्या कोर्टावर उभी राहिली.

चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई यांच्याविरुद्धचा तो सामना पावणेतीन तासांच्या जवळपास चालला. पहिला सेट टायब्रेकमध्ये ६-८ ने गेला. दुसरा ७-५ असा जिंकला. तिसरा ५-७ असा हरला. ज्या मुलीला कागदावरील क्रमांकाने कोणत्याही मोठ्या स्पर्धेत थेट घेतले नसते, तिने मोठ्या जोडीपुढे तीन सेट खेळून दाखविले. अर्थात बाजूला सानिया होती, हे मान्य. पण दुहेरीत चेंडू दोघींकडे येतो, आणि प्रतिस्पर्धी तो दुबळ्या बाजूला मारण्यात संकोच करीत नाहीत.

त्यानंतरही प्रार्थना थांबली नाही. अनेक वर्षे तिचा क्रमांक शंभर ते दोनशे या पट्ट्यात राहिला. हाच तो पट्टा, ज्यासाठी रोहॅम्प्टनचे दुहेरीचे दार होते. मुंबईच्या खुल्या स्पर्धेत नेदरलँड्सच्या अरियाने हार्टोनोबरोबर ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचली, तेव्हा ती तिशीत येत होती. दुहेरीचे हे एक सुख आहे. एकेरीतील पाय थकले तरी जाळीजवळचे डोळे थकत नाहीत.

श्रीरामपूरची ऋतुजा भोसले हिने २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. पहिला सेट २-६ असा गेला होता, दुसरा ६-३, आणि निर्णायक टायब्रेक १०-४. बार्शी आणि श्रीरामपूर या दोन गावांनी महाराष्ट्राला दुहेरीतील दोन पदके दिली आहेत, हे पुण्या-मुंबईच्या जिमखान्यांनीही ध्यानी घ्यावे.

मग नंदुरबारचे काय? समजा, एखाद्या घरातील बारा-तेरा वर्षांच्या मुलीने हट्ट धरला आणि वडिलांनी मान्य केले. विम्बल्डन दूरच; तिची पहिली पात्रता अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या मुलींच्या स्पर्धेची. त्या स्पर्धांचे वेळापत्रक सर्वसाधारणपणे असे असते की शुक्रवारी मैदानावर स्वतः जाऊन नावापुढे सही करायची, शनिवार-रविवारी पात्रता, सोमवारपासून मुख्य फेरी. जिच्याजवळ क्रमांक आहे तिने सोमवारी यावे. जिच्याजवळ नाही तिने शुक्रवारी. नवीन मुलीजवळ क्रमांक कोठून असणार?

पुण्यातील स्पर्धा धरली तर नंदुरबारहून चारशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे. मुलीसोबत आई निघणार, कारण वडिलांचे दुकान शनिवारी बंद ठेवणे परवडत नाही. डब्यात दशम्या, ठेपले, चटणी, दोन दिवस टिकेल असे. उतरायला नातलगांचे घर असले तर ठीक. शनिवारी सकाळी सामना, समोर पुण्याची मुलगी, जी त्याच कोर्टांवर रोज खेळते. तासाभरात निकाल. हरली तर त्याच रात्री परतीची बस, आणि सोमवारी शाळा. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, कारण क्रमांक मिळविण्यास मुख्य फेरीत जावे लागते आणि मुख्य फेरीत थेट जाण्यास क्रमांक लागतो. कर्ज मिळण्यास आधीचा कर्जव्यवहार हवा आणि व्यवहार दाखविण्यास आधी कर्ज हवे, तसा हा फेरा. तो तोडण्याची एकच जागा आहे, ती शनिवारची पात्रता. येथे मुलीचा आकडा कोणी विचारीत नाही. सही वेळेत झाली असेल तर कोर्ट मिळते आणि समोरची मुलगी मिळते.

त्या सहीसाठी नंदुरबारहून गुरुवारी रात्रीच निघावे लागते.